साडेपाच हजारात सहा शेपट्या: पेठेतल्या स्पॅनिश क्लासचा रिव्ह्यू

आधीच सांगते, क्लासचं नाव लिहिणार नाहीये. खाली दोनचार तक्रारी आहेत आणि मॅडमच्या ग्रुपवर मी अजून आहे, उगाच वाकडं यायला नको. पत्ता म्हणाल तर सदाशिव पेठ, जुना वाडा पाडून झालेली बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट आहे पण ती फक्त सभासदांसाठी, म्हणजे आपल्याला जिना. मी बिबवेवाडीहून यायचे, शनिवारी सकाळी सात वाजता रस्ता रिकामा असतो तरी गाडी लावायला दहा मिनिटं हिंडावं लागतं, आणि साडेसातनंतर आलेल्याला मॅडम दारातच उभं करून एक क्रियापद म्हणायला लावतात, सहाच्या सहा रूपं, मगच आत. मी तीन वेळा म्हटलंय. एकदा हातात हेल्मेट, पाठीला सॅक, खाली शेजारचे आजोबा दुधाची पिशवी घेऊन थांबलेत की ही बाई बाजूला कधी होते, आणि मी आपली घोकतेय.

कोर्स असा आहे: शनिवार रविवार, सकाळी साडेसात ते नऊ, सहा आठवडे, म्हणजे बारा लेक्चर, अठरा तास. फी ५५०० आणि पुस्तिकेचे २५० वेगळे. आणि या अठरा तासांत शिकवतात काय, तर फक्त वर्तमानकाळ, तोसुद्धा फक्त नियमित क्रियापदांचा, म्हणजे जी ठरलेल्या साच्यातच बदलतात त्यांचा. बास. भूतकाळ नाही, भविष्यकाळ नाही, 'मी आहे' सुद्धा नाही कारण ते अनियमित. माझ्या आईने हे ऐकलं तेव्हा ती म्हणाली एवढ्या पैशात आमच्या वेळी अख्खी भाषा शिकवायचे आणि वर सर्टिफिकेट द्यायचे.

मला पण आधी तसंच वाटलं होतं. पण मला गरज होती. मी खराडीला सपोर्टमध्ये आहे, क्लायंट मेक्सिकोचा, आमच्यात नि त्यांच्यात साडेअकरा तासांचा फरक, म्हणजे आमचे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा त्यांचे सकाळचे साडेआठ. कॉलवर सगळे इंग्रजीत बोलतात पण कॉल सुरू व्हायच्या आधीची पाच मिनिटं आणि चॅटमधले छोटे मेसेज सगळं स्पॅनिशमध्ये, आणि आपण नंदीबैलासारखी मान हलवत बसायचं. त्याआधी मी फोनमधल्या एका फुकटच्या ॲपवर १४० दिवस न चुकता बसलेय. त्यातून मला मांजर दूध पिते हे वाक्य चांगलं यायला लागलं. पण पिते चं पितात करायचं तर शेवटी काय बदलतं आणि का बदलतं हे त्या ॲपने १४० दिवसांत एकदाही सांगितलं नाही, फक्त चुकलं की लाल व्हायचं आणि बरोबर आलं की टुंग वाजायचं. अंदाजपंचे चालू होतं सगळं.

आता पहिल्या दिवसाचं सांगते. फ्लॅटचा हॉल, सतरंजी नाही, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आणि तिला चिमटे. चिमट्यांना कार्डं लटकवलेली. मला वाटलं लहान मुलांचा क्लास पण इथेच होतो वाटतं. तर ती कार्डं म्हणजे लग्नपत्रिका कापून केलेली, मागच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेनने क्रियापदाचं मूळ लिहिलेलं, आणि पंख्याने कार्ड उलटं झालं की चि. सौ. कां. दिसायचं. एका कार्डामागे तर आमच्याच लांबच्या नात्यातलं लग्न निघालं, असो.

मॅडम साठीच्या असतील, पहिलं वाक्य फळ्याकडे न बघता बोलल्या, "मराठी येतं ना सगळ्यांना? मग निम्मं स्पॅनिश झालं. इंग्रजी बाहेर चपलांपाशी ठेवून या." आणि मग सुरू. स्पॅनिशमधलं कुठलंही क्रियापद डिक्शनरीत बघा, ते तीनपैकी एकाच शेपटीने संपणार, आर, एर नाहीतर इर. आपल्याकडे जसा बोलणे, खाणे, राहणे यातला णे. णे काढला की धातू हातात येतो, तसंच तिथे. आब्लार म्हणजे बोलणे. (स्पेलिंगमध्ये आधी एच आहे पण तो मुका, त्याला फक्त बसायला खुर्ची दिलीये, बोलायची परवानगी नाही.) आर काढला, आब्ल राहिलं. दोरीवर आब्ल चं कार्ड, त्याच्या शेजारी चिमट्याला शेपटीचं कार्ड, आणि मॅडम नुसती शेपूट बदलत जातात. ओ लावला, आब्लो, मी बोलते. आस लावला, आब्लास, तू बोलतोस. नुसता आ, आब्ला, तो किंवा ती बोलते. आब्लामोस, आम्ही बोलतो. आब्लाइस, तुम्ही सगळे बोलता. आब्लान, ते बोलतात.

लिहिल्यावर फार साधं दिसतंय पण मला त्या दिवशी खरंच ट्यूबलाइट पेटल्यासारखं झालं. कारण मी आजवर जे जे बघितलं, ॲप म्हणा, फुकटचे व्हिडिओ म्हणा, सगळे इंग्रजीतून शिकवतात, आणि इंग्रजीत आय स्पीक, यू स्पीक, वुई स्पीक, दे स्पीक, सगळीकडे स्पीकच, फक्त ही आला की एक एस चिकटवतात. म्हणजे ज्या भाषेत क्रियापद जवळजवळ हलतच नाही तिच्यातून आपण हलणारं क्रियापद शिकायला जातो. आणि घरात जी भाषा बोलतो तिच्यात बोलतोस, बोलता, बोलतात असं रोज हजार वेळा शेपूट बदलतोय, विचार न करता, तर ते कुणी वापरतच नाही. मॅडमनी वापरलं. त्या क्लासचे ५५०० मी फक्त एवढ्यासाठी वसूल धरते.

आणि मग त्या हळूहळू एकेक सोडत जातात. तू ला स्पॅनिशमध्ये शेवटी स लागतो, आब्लास, कोमेस, बिबेस. बोलतोस, खातेस, राहतोस, आपल्याकडेही तू ला स. झालं, परत पाठ करायची गरजच नाही. उलट एका ठिकाणी ते आपल्यापेक्षा बरे, आपल्याकडे पुरुषांचं 'मी बोलतो, तो बोलतो, आम्ही बोलतो' तिन्हीकडे तेच रूप, त्यांच्याकडे सहा माणसांना सहा वेगळी रूपं. आणि बायकांसाठी अजून सोपं, बोलतो बोलते भानगड नाही, पुरुष असो बाई असो मी म्हणजे आब्लो. आमच्या बॅचमधल्या एका हिंदी भाषिक मुलाला आपलं जातो जाते नेहमी चुकायचं, तो म्हणाला मॅडम मी मराठी सोडून हेच शिकतो.

सगळ्यात भारी प्रकार तिसऱ्या लेक्चरला झाला. बॅचमध्ये एक काका आहेत, वय अडुसष्ट, मुलगी माद्रिदला, दोन नातवंडं तिथेच जन्मलेली, आजोबांशी मराठीत चार वाक्यं बोलून थांबतात म्हणून काका स्पॅनिश शिकतायत. एरवी शांत. मॅडम दोरीवर आब्लो आब्लास आब्ला करत होत्या आणि काका एकदम उभे राहिले, "अहो मॅडम, हे तर पठामि पठसि पठति आहे!" आणि खडू घेऊन शेजारी लिहायलाच लागले. पठसि ला सि, आब्लास ला स. पठामः ला म, आब्लामोस ला मोस. पठन्ति ला न, आब्लान ला न. फक्त द्विवचनाचं त्यांच्याकडे नाही, पठावः पठथः ची कटकट वाचली. सगळा वर्ग बघतच राहिला, आणि शाळेत संस्कृत शंभर मार्कांचं घेऊन मार्क तेवढे उचलणारे आम्ही चारपाच जण एकमेकांकडे बघून हसलो, की घ्या, शेवटी कामाला आलं.

मॅडमनी मधलं जोडलं. लॅटिनमध्ये आमो, आमास, आमात, आमामुस, आमातिस, आमांत, म्हणजे प्रेम करणे. स्पॅनिश लॅटिनमधून आली, येता येता शेवटचा त गळला, आमात चं आमा झालं नि आमांत चं आमान. आणि लॅटिन नि संस्कृत एकाच जुन्या घरातल्या बहिणी असाव्यात हे विल्यम जोन्सने कलकत्त्यात १७८६ साली भाषणात सांगितलं होतं, क्रियापदांचे धातू आणि व्याकरणाची रूपं एवढी जुळतात की योगायोग म्हणता येणार नाही, असं. मला हे आधी वाचून माहीत होतं खरं तर, पण फळ्यावर काकांच्या थरथरत्या अक्षरात दोन रकाने शेजारी शेजारी बघणं वेगळं.

एर आणि इर वाल्यांचं पण छान जमवलंय. कोमेर म्हणजे खाणे: कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस, कोमेइस, कोमेन. बिबिर म्हणजे राहणे किंवा जगणे: बिबो, बिबेस, बिबे, बिबिमोस, बिबीस, बिबेन. सहापैकी चार जागी दोन्हीच्या शेपट्या सेम, फक्त आम्ही आणि तुम्ही ला एर वाले ए ठेवतात, इर वाले इ. एकाने विचारलं, हे दोन गट कशाला, एकच ठेवायचा ना. तर मॅडम म्हणाल्या आपल्याकडे काय वेगळं आहे, तो बसेल पण तो करील, जुन्या नियमाने अकर्मकाला ए आणि सकर्मकाला ई, तुम्ही आता सरसकट करेल म्हणता ती गोष्ट वेगळी. आणि हे म्हणताना त्यांनी ज्या नजरेने आमच्याकडे बघितलं त्यावरून कळलं की घरात करील हाच शब्द चालतो.

आणि बिबो. स्पेलिंगमध्ये व्ही आहे पण स्पॅनिशमध्ये व्ही आणि बी चा उच्चार एकच, ब सारखा. त्यामुळे ओळख करून द्यायची पाळी आली तेव्हा मी उठून म्हणाले, "बिबो एन बिबवेवाडी." दोन मिनिटं वर्ग हसत होता. आता ग्रुपवर माझं नावच बिबो पडलंय. आणि बेबेर म्हणजे पिणे, त्याचं मी रूप बेबो, ते ऐकल्यावर मागच्या बाकावरच्या पोरांनी करीना करीना सुरू केलं. पण गंमत बाजूला, असं झालेलं कधी विसरत नाही. येगार म्हणजे पोचणे, त्याचं येगो, 'मी येतो' सारखंच वाटतं कानाला. सुबिर म्हणजे वर चढणे, बाखार म्हणजे उतरणे. तीन मजले चढताना सुबो सुबो आणि जाताना बाखो बाखो, लिफ्ट न दिल्याचा फायदा.

तोमार म्हणजे घेणे, आणि चहा कॉफीला पण तेच वापरतात, तोमो ते म्हणजे मी चहा घेते. आपण पण चहा घेतोच ना, "चहा घेणार का" असंच विचारतो, पिणार का असं विचारलं तर जरा उद्धट वाटतं. क्लास सुटला की खाली कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये आम्ही सहासात जण थांबायचो, तिथे हे सगळं पक्कं व्हायचं, तोमास? तोमो. तोमामोस? तोमामोस. चहावाल्याला वाटायचं आम्ही बंगाली.

वर्तमानकाळ वापरायचा कुठे हे पण मराठीतून सांगितलं की पटकन डोक्यात शिरतं. उद्या पोचते म्हणायला तिथे भविष्यकाळ लागत नाही, मान्याना येगो, संपलं. आपणही 'उद्या येते' च म्हणतो. दोन वर्षांपासून इथे राहते, याला इंग्रजीत हॅव बीन लिविंग असलं तीन डब्यांचं रेल्वे इंजिन लागतं, स्पॅनिशमध्ये साधं बिबो, आपल्याकडे साधं राहते. आणि उस्तेद. म्हणजे आदराचं तुम्ही. त्याला क्रियापद मात्र 'तो' चं लागतं, उस्तेद आब्ला, उस्तेद कोमे. हे सगळ्यांना विचित्र वाटलं, तर मॅडम म्हणाल्या हॉटेलात वेटर येऊन "साहेब काय घेणार?" विचारतो तेव्हा तो तुमच्याशीच बोलतो का तिसऱ्याशी? उस्तेद हा शब्दच मुळात बुएस्त्रा मेर्सेद म्हणजे 'आपली कृपा' पासून घासून घासून झालाय. म्हणजे 'कृपा जेवली का' असं विचारल्यासारखं. यानंतर मला परत कधी चुकलं नाही.

दंडाचा डबा हा एक प्रकार आहे. यो म्हणजे मी. पण आब्लो मधला ओ च सांगतो की मी, मग वर यो कशाला, म्हणून वाक्याच्या सुरुवातीला यो म्हटलं की पाच रुपये डब्यात. आपण तरी कुठे म्हणतो, "जेवलीस का?" "जेवले." त्यात मी आणि तू आहे का? जोर द्यायचा असेल तर सूट, म्हणजे 'मी काम करते आणि तो नाचतो', यो त्राबाखो, एल बाइला, इथे यो हवाच. इंग्रजीतून विचार करणाऱ्यांचं दर वाक्याला आय येतं ना, त्यांनी डबा भरला. माझे पंचेचाळीस गेले. शेवटच्या दिवशी त्या पैशांचे साबुदाणा वडे आले, सतरा जणांत, म्हणजे प्रत्येकी एक पण नीट नाही.

आता तक्रारी.

सगळ्यात मोठी म्हणजे पुस्तिका. ३२ पानी, स्पायरल, झेरॉक्स केलेली, आणि अक्षरांवरच्या तिरक्या रेघा कुठेही पडलेल्या. आता कुणी म्हणेल रेघेने काय होतं. कोंप्रो, जोर कों वर, म्हणजे मी विकत घेते. तेच शेवटच्या ओ वर रेघ दिली आणि जोर प्रो वर गेला की झालं त्याने विकत घेतलं, भूतकाळ, माणूसही बदलला नि काळही. भूतकाळ आम्हाला शिकवलेलाच नाही त्यामुळे हे माहीत असायचं कारण नव्हतं. पुस्तिकेत कोंप्रार च्या तक्त्यात मी समोर छापलेला ओ रेघेसकट. मी विश्वासाने तो तसाच उचलला आणि क्लायंटला चॅटवर टाकलं, की आज लायसन्स घेते. माझ्या मते. तिकडे पोचलं, आज लायसन्स घेतलं, पण कुणी घेतलं ते नाही, कारण मी मोठ्या शहाणपणाने यो गाळलेला, पाच रुपये वाचवायला. आणि ते रूप तो, ती आणि उस्तेद तिघांनाही चालतं. समोरून आलं, क्येन? म्हणजे कोणी? आणि दोन सेकंदात परत, यो? म्हणजे मी घेतलं? मग त्यांनी त्यांच्या अकाउंट्सवाल्याला कॉलवर घेतलं, त्याने बिल शोधायला सुरुवात केली, आमचा मॅनेजर रात्री साडेनऊला जेवणाच्या ताटावरून उठून आला, आणि अर्ध्या तासाने इंग्रजीत निष्कर्ष निघाला की लायसन्स कुणीच घेतलेलं नाही, एक रेघ जास्त पडली.

मॅडमना दाखवलं तर म्हणाल्या, "अगं टायपिंगवाल्याने केलंय ते, तू ऐकून लिहायचंस ना." बरोबर आहे, पण मग २५० कशाचे घेतले? पुढच्या लेक्चरला त्यांनी पाऊण तास फक्त जोर कुठे पडतो यावर घेतला हे मात्र मान्य करायला हवं. आम्ही आणि तुम्ही सोडले तर बाकी चार रूपांत जोर मुळावर, आब्लामोस नि आब्लाइस मध्ये शेपटीवर. टाळ्या वाजवून घेतलं सगळ्यांकडून, खालच्या मजल्यावरून फोन आला की भजन चालू आहे का. हे पहिल्याच आठवड्यात घ्यायला हवं होतं, आणि भूतकाळ शिकवायचा नसेल तरी 'रेघ दिली तर काळ बदलतो, सांभाळा' एवढं एक वाक्य सांगायला काय हरकत होती.

दुसरं, बोसोत्रोस. म्हणजे तुम्ही सगळे, आब्लाइस कोमेइस बिबीस वालं. हे स्पेनमध्ये चालतं. मेक्सिकोत, किंबहुना अख्ख्या लॅटिन अमेरिकेत, तुम्ही सगळे साठी उस्तेदेस म्हणतात आणि त्याला ते चं रूप लावतात, उस्तेदेस आब्लान. म्हणजे माझ्यासाठी सहामधली एक शेपूट फुकट. मी विचारलं की मी पाचच पाठ केल्या तर चालेल का, तर नाही, टेस्टमध्ये सहाच. अर्जेंटिनावाले तर तू च्या जागी बोस म्हणतात आणि आब्लास चा जोर शेवटी नेतात, ते मात्र "नंतर बघू". मग हे पण नंतर बघायचं ना. माझी कुरकुर चालू होती तोवर काकांनी एका रविवारी सांगितलं की व्हिडिओ कॉलवर दोन्ही नातवंडांना विचारलं, कोमेइस ब्येन? नीट जेवता ना रे? आणि धाकटी आईला हाका मारत आली की आजोबा स्पॅनिश बोलतायत. आता यावर मी काय बोलणार. पाठ केली सहावी पण.

बाकी किरकोळ. फोनवर आठ जणांची बॅच सांगितली होती, निघालो सतरा, प्रत्येकाला बोलायला मिळतं कितीसं. त्यात एक मुलगा असा की प्रश्न कुणालाही विचारा उत्तर तोच देणार. ऐकायचा सराव शून्य, अठरा तासांत मॅडमच्या आवाजाशिवाय दुसरं स्पॅनिश कानावर पडलं नाही, त्यामुळे खरा मेक्सिकन माणूस भरभर बोलायला लागला की शेपट्या ऐकू येतात पण धड कुठलं ते कळत नाही. लेक्चर बुडालं तर बदली नाही. रेकॉर्डिंग नाही, विचारलं तर मॅडम म्हणतात शाळेत होतं का रेकॉर्डिंग. फी परत मिळण्याबद्दल मी विचारलंच नाही, दारावरची पाटी वाचली होती.

आणि हो, फक्त नियमितच शिकवायचं या हट्टामुळे सहा आठवडे झाले तरी माणूस 'मी पुण्याची आहे' म्हणू शकत नाही, कारण आहे अनियमित. जाते अनियमित, माझ्याकडे आहे अनियमित. मॅडमनी त्याला पळवाटा दिल्यात, नाव सांगायला मे यामो, ते नियमित आहे, पुण्यात राहते, काम करते, मराठी बोलते, एवढ्यावर ओळख होते खरी. पण पाहुण्यांसमोर ठरलेलं भाषण म्हणल्यासारखं वाटतं. मात्र एक आहे, नवीन कुठलंही क्रियापद कानावर आलं की हात आपोआप शेपटीकडे जातो. स्पॅनिशवाले नवीन शब्दांची क्रियापदं करतात ती आर च्या गटात टाकतात, चॅट करणे म्हणजे चातेआर, ट्वीट करणे म्हणजे तुइतेआर. आपण मागे करणे जोडून मोकळे होतो. ऑफिसात कुणीतरी चातेआमोस लिहिलं आणि मी डिक्शनरी न उघडता वाचलं, आपण चॅट करतो. १४० दिवसांच्या त्या टुंग टुंग मध्ये हे एकदाही झालं नव्हतं.

तुम्हाला कुणासाठी सुचवू म्हणाल तर, दहावीला संस्कृत किंवा निदान मराठी व्याकरण बरं असेल, रूपं घोकायची लाज वाटत नसेल तर डोळे झाकून जा. टूरवर चाललोय, पंधरा दिवसांत हॉटेलातलं कामापुरतं हवंय, तर मुळीच जाऊ नका, तिथे पहिल्या पंधरा दिवसांत तुम्ही फक्त खाता, पिता, चढता आणि उतरता. परीक्षा द्यायची असेल तर हा पाया म्हणून ठीक, पण ऐकण्याचं दुसरीकडे बघावं लागेल. पाचपैकी चार स्टार देते. पुस्तिका नसती तर साडेचार दिले असते.

ती अनियमित वाल्यांची बॅच गणपतीनंतर आहे, परत बारा लेक्चर, फी तीच. मी नाव दिलंय, काकांनी पण. जिन्यातच मॅडम म्हणाल्या पुस्तिका नवीन छापून घेतेय, या वेळी रेघा मी स्वतः तपासल्यात. म्हटलं छान, पण मी घेणार नाही, भाच्याची शंभर पानी वही अर्धी कोरी उरलीये.